पान्हा आणि ओळख

दिवाळीचा पहिला दिवा आपण लावतो तो गायीपुढे. वसुबारसेच्या संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा होते. नुसती गाय चालत नाही, तिच्याबरोबर वासरू लागते. शहरात आता खरी गाय कुठून मिळणार? मग पाटावर मातीची गाय मांडायची. पण तिच्या पोटाशी मातीचे वासरू हवेच. लहानपणी मला यात विशेष काही वाटत नसे. पुढे संस्कृतच्या तासाला मास्तरांनी सांगितले की, ‘वत्स’ म्हणजे वासरू, आणि ‘वात्सल्य’ हा शब्द त्या वासरावरूनच निघाला. आईच्या मायेला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपले पूर्वज गोठ्यात गेले, ही गोष्ट मला तेव्हापासून फार आवडत आली आहे.

गोठ्यात काय दिसते, ते मी पहिल्यांदा दौंडला पाहिले.

दिवाळीच्या सुटीत आम्ही भावंडे पुण्याहून पॅसेंजरने दौंडला मामांकडे जात असू. मामा रेल्वेत नोकरीला होते. दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडचा फाटा तिथूनच फुटतो. रात्रभर इंजिनांच्या शिट्ट्या चालत. पण आम्हा मुलांचे खरे आकर्षण घरामागच्या गोठ्यातली म्हैस. एका वर्षी आम्ही पोचलो तर घरात सगळे गप्प गप्प. म्हशीचे चार दिवसांचे रेडकू आदल्या दिवशी मेले होते, आणि म्हैस काही केल्या पान्हावत नव्हती. मामी तिच्या अंगावरून हात फिरवी, आंबोण पुढे ठेवी, कासेला पाणी लावी. म्हैस पाय आपटी, मान वळवून मागे पाही आणि ओरडे. भांड्यात कसेबसे चार थेंब. “पान्हा चोरतेय,” मामी म्हणाली. घरात फराळाला आलेली आम्ही पाच पोरे, आणि दूध विकत आणायचे म्हणजे मामांच्या पगाराला खिंडार!

तिसऱ्या दिवशी गावातला एक माणूस त्या मेलेल्या रेडकाचे कातडे पेंढ्याने भरून घेऊन आला. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा आणि पायांच्या जागी चार काठ्या. आम्ही मुले घाबरून मामांच्या मागे लपलो. म्हशीने मात्र ते ध्यान हुंगले, पुन्हा हुंगले आणि चाटायला सुरुवात केली. थोड्याच वेळात मामीच्या भांड्यात धारांचा आवाज घुमू लागला. मला रडूच आले.

“मामी, हे खोटं आहे, ते तिला कळत नाही का गं?”

“डोळ्यांना कळत असेल रे,” धार काढता काढता मामी म्हणाली, “नाकाला कळत नाही.”

पुढे त्या कातड्याचा वास उडाला तेव्हा म्हशीने त्याच्याकडे तोंड फिरवले. पण तोवर तिला मामीच्या हाताची सवय झाली होती. भांड्याचा आवाज आला की ती आपली आपण पान्हावे.

पान्हा म्हणजे काय?

मामीच्या त्या उत्तरात किती शास्त्र भरले होते, हे समजायला मला अर्धे आयुष्य लागले.

कासेत दूध असते, परंतु ते नळाच्या पाण्यासारखे तोटी फिरवून घेता येत नाही. ते असंख्य बारीक पिशव्यांत साठलेले असते. वासरू ढुशी देते, चोखते. त्याची वर्दी मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाला पोचते. तिथे तयार होणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, खाली लटकणाऱ्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात उतरते आणि मिनिटाभराच्या आत त्या पिशव्या आवळल्या जाऊन दूध खाली येते. हाच पान्हा. जनावर भ्याले किंवा बिथरले की अ‍ॅड्रिनॅलिनसारखी रसायने या कामात आडवी येतात. म्हणजे ‘पान्हा चोरणे’ यात चोरी काही नाही. बिचाऱ्या जनावराच्या हातात ते नसतेच.

या ग्रंथीच्या अर्काने गाभण मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, हे इंग्लंडात हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले. ग्रीक भाषेत ‘जलद प्रसूती’ या अर्थाच्या शब्दांवरून ऑक्सिटोसिनचे नाव पडले. त्याच अर्काने दूध उतरते हे १९१० साली शेळीवर दिसून आले. हे रसायन अवघ्या नऊ अमिनो आम्लांच्या मण्यांची एक छोटी माळ आहे, हे व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने शोधले आणि १९५३ साली ती माळ प्रयोगशाळेत ओवूनही दाखवली. १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवर सगळी हकीकत पोटाची आणि कासेची. पण जे रसायन मेंदूत जन्माला येते, ते खुद्द मेंदूत काहीच करीत नसेल का? पान्हा फुटतो तेव्हा जनावराच्या मनातही काही फुटत असेल का? शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे उत्तर मेंढीकडून मिळवले. मला मात्र ते प्रथम शिरूरच्या एका शेतात, एका धनगर आजीने दाखवले.

शिरूरची रात्र

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर मी शिरूरला गेलो होतो. जुनी माणसे त्या गावाला अजून घोडनदी म्हणतात. तिथून न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि पुढे दौंडला मामेभावाकडे जायचा माझा बेत होता. वाटेत, न्हावऱ्याच्या अलीकडे, शाळेतल्या एका सोबत्याची शेती आहे. त्याने आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले. “रानात मेंढरं बसवलीत, बघायला चल,” म्हणाला. पारनेरकडच्या धनगरांचा वाडा त्याच्या शेतात उतरला होता. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. घोड्यांवरून आणलेले बिऱ्हाड, जाळीचे कुंपण, तीन दगडांची चूल आणि घोंगड्या. मेंढरे रात्रभर शेतात बसतात, लेंड्यांचे खत जमिनीला मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे.

दिवस मावळताना मी तिथे पोचलो आणि एक विलक्षण दृश्य पाहिले. लहान कोकरे दिवसा चरायला नेत नाहीत. ती वाड्यावरच राहतात. संध्याकाळी दोन-तीनशे मेंढ्यांचा कळप परतला. इकडून कोकरे सुटली, तिकडून आया धावल्या. धुळीचा लोट उठला आणि असा काही कालवा झाला की, शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. मला वाटले, आता हा गोंधळ रात्रभर निस्तरणार नाही. पण काही मिनिटांत सगळे शांत! प्रत्येक कोकरू आपल्याच आईच्या कासेला. लांबून आवाजाने आणि रूपाने ओळख पटते. परंतु शेवटचा शिक्का नाकाचा. कोकरू प्यायला लागले की मेंढी मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगते. आपले असेल तर उभी राहते. परके असेल तर टक्कर देऊन उडवते.

असे एक कोकरू उडवले जात होते. या मेंढीकडून त्या मेंढीकडे जाई, हुंगले जाई आणि धुळीत लोळण घेई.

“त्याची आई परवा रात्री वाघानं नेली,” घोंगडीवर बसलेली आजी म्हणाली. बिबट्याला तिकडे सगळे वाघच म्हणतात. “तीन दिसाचं हाय. शेळी धरून पाजतोय, पर शेळी तरी किती दिस उभी ऱ्हाईल?”

त्या एका मेंढीच्या जाण्याने घरातल्या माणसांची तोंडे उतरली होती. कोकरू गेले असते तर हिशेबात आणखी एक घट. आजीने ते रात्री स्वतःच्या घोंगडीत घेतले.

पहाटे मला सोबत्याने हलवून उठवले. एक मेंढी कळपापासून बाजूला जाऊन व्याली होती. पण कोकरू मेलेलेच निपजले. आजी मात्र त्याच्यासाठी हळहळत बसली नाही. तिने त्या मेलेल्या जिवाभोवतीचे पाणी आणि चिकटा दोन्ही हातांनी घेऊन पोरक्या कोकराच्या पाठीला, डोक्याला आणि शेपटीला चोळला. मेलेले कोकरू डालग्याखाली झाकले. पोरक्या कोकराचे पाय लोकरीच्या दोरीने सैलसर बांधले, म्हणजे ते तीन दिवसांचे असूनही नुकत्याच जन्मलेल्यासारखे धडपडेल. मग ते मेंढीच्या तोंडाशी ठेवले.

“एवढी घाई कशाला, आजी?” मी विचारले.

“येळ लई थोडा असतुया, दादा. ती वली हाय तवरच.”

मेंढीने हुंगले आणि एक पाऊल मागे घेतले. पाय आपटला. डालग्याकडे पाहिले. आजी श्वास रोखून बसली होती; तिच्या मागे तिची सूनही. कोकरू ओरडले. मेंढी पुन्हा पुढे आली, तिने डोक्यावरचा ओलावा चाटला, मग मान, मग पाठ. आणि तोंड मिटूनच घशातून एक खोल, घुमणारा आवाज काढू लागली. तो आवाज मेंढी फक्त कोकराशी बोलताना काढते. आजीने दोरी सोडली. कोकरू धडपडत कासेशी गेले. मेंढीने मान वळवून शेपटीखाली हुंगले, आणि उभी राहिली.

“झालं,” आजी हात पुसत म्हणाली. “आता उद्या दुसरं कुनी लावलंसा तर उडवून दील. हे मातुर तिचंच.”

नाकापासून मेंदूपर्यंत

आजीने त्या पहाटे जे केले, त्याचा उलगडा फ्रान्समधील नूझिली आणि इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांनी वर्षानुवर्षे मेंढ्या पाळून केला आहे.

एरवी मेंढीला त्या प्रसवाच्या पाण्याचा वास नकोसा असतो. ती त्यापासून दूर होते. प्रसूतीच्या वेळी मात्र तोच वास तिला ओढून घेतो. हा पालट का होतो? कोकरू बाहेर येताना गर्भमार्ग ताणला जातो, त्याची वर्दी मेंदूला जाते, आणि त्या क्षणी ऑक्सिटोसिन रक्तात जसे उतरते तसेच मेंदूच्या आतही पसरते. १९८३ साली कीव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, नुकत्याच व्यालेल्या मेंढीला असाच ताण काही मिनिटे कृत्रिम रीतीने दिला, तर ती परके कोकरूही जवळ घेते. १९८७ साली केंड्रिक आणि कीव्हर्न यांनी न व्यालेल्या मेंढ्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले; थोड्याच वेळात त्या परक्या कोकरांना चाटू लागल्या. उलट प्रसूतीच्या वेळी कण्यातून भूल दिली की वर्दीच पोचत नाही, आणि पहिलटकरीण मेंढी कोकराकडे ढुंकूनही पाहत नाही.

सर्वांत नवल वाटले ते १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचे. मेंदूत वासाची पहिली नोंद जिथे होते, त्या भागातल्या पेशी काय ‘ऐकतात’ हे केंड्रिक आणि लेव्ही यांनी तपासले. व्यायच्या आधी त्या पेशी प्रामुख्याने चाऱ्याच्या वासाला दाद देत होत्या. व्याल्यावर त्यांतल्या पुष्कळशा कोकराच्या वासाला दाद देऊ लागल्या, आणि काही तर केवळ स्वतःच्या कोकराच्या वासाला. काल जे नाक गवत शोधत होते, ते आज लेकरू शोधू लागले!

पण हे दार फार थोडा वेळ उघडे असते. सुमारे दोन तासांत मेंढी कोकराचा वास पक्का करते. मग इतरांना मज्जाव. जन्मल्याबरोबर कोकरू नेले आणि बारा तासांनी परत आणले, तर बहुतेक मेंढ्या त्याला आपले म्हणत नाहीत. ‘ती वली हाय तवरच’, या चार शब्दांत आजीने जे सांगितले, ते हेच.

जशी गरज, तशी ओळख

सगळ्याच आयांचे असे नसते. उंदराची मादी आपल्या बिळात दुसरीचे पिल्लू ठेवले तरी सांभाळते. बिळात आहे ते आपलेच, एवढा हिशेब तिला पुरतो. मेंढीचे कोकरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत पायांवर उभे राहून शंभर कोकरांत मिसळते. तिथे ओळख पक्की नसेल तर दूध भलत्याच्याच पोटात जायचे.

मेंढी नेणाऱ्या बिबट्याच्या मादीचेही असेच पाहण्यासारखे आहे. शिरूर, जुन्नर, आंबेगावकडे तिची पिल्ले उसातच जन्मतात, आणि तोडणी सुरू झाली की मजुरांना सापडतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असा एक समज आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तिथले डॉक्टर आणि वनखात्याची माणसे अशी पिल्ले तपासून त्याच शेतात खोक्यात ठेवतात आणि दूर बसून वाट पाहतात. पुष्कळ वेळा रात्री आई येते आणि पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते. परक्या हातांचा वास असूनही.

आणि ओळख काही केवळ आई-लेकरांची नसते. २००० साली अमेरिकेत फर्ग्युसन, यंग व इन्सेल यांनी ज्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिन बनतच नाही असे उंदीर पाळले. ते खाण्याचा वास बरोबर ओळखत, बाकीची स्मरणशक्तीही शाबूत. पण नुकताच भेटलेला उंदीर पुन्हा समोर आणला तर दर वेळी जणू नवाच पाहुणा! मेंदूत थोडे ऑक्सिटोसिन दिले की ओळख परत. व्हॅसोप्रेसिन हे ऑक्सिटोसिनचे सख्खे भावंड, नऊपैकी दोनच मणी वेगळे. नर उंदरांच्या ओळखीपाळखीत त्याचा मोठा वाटा असतो. आणि आपण ज्यांना मेंढरासारखे म्हणून हिणवतो, त्या मेंढ्या दुसऱ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षे लक्षात ठेवतात, असे केंड्रिक यांनीच २००१ साली सिद्ध केले.

हे वाचून ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचे औषध, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात उंदरासारखा एक प्राणी जन्मभर जोडीने राहतो. या जोडीचे श्रेय पुष्कळ वर्षे ऑक्सिटोसिनला दिले गेले. २०२३ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या मेंदूतली ऑक्सिटोसिन स्वीकारणारी यंत्रणाच जन्मतः काढून टाकली, तरीही त्यांनी जोड्या जमवल्या आणि पिल्ले वाढवली. माणसाची आई तर याहून कितीतरी मोकळी. कण्यातून भूल घेऊन बाळंत झालेली आई बाळाला छातीशी धरतेच. दत्तक घेणाऱ्या आईला तर प्रसूतीचीही गरज पडत नाही. यशोदेची गोष्ट आपण उगाच पिढ्यान् पिढ्या सांगत आलो नाही.

सुईचा पान्हा

आता एक कडू गोष्ट. दूध वाढावे म्हणून, वासरू नसले तरी म्हैस पान्हावावी म्हणून, काही गोठ्यांत रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचली जाते. हा लोभ जुना आहे. सुई नव्हती तेव्हा ‘फुंका’ होता: जनावराच्या गर्भमार्गात हवा फुंकून पान्हा काढायचा. ज्या ताणाने मेंढी कोकराला ओळखू लागते, त्याच ताणाचा हा क्रूर गैरवापर. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले, त्यामागे गवळ्यांकडून जनावरांचे होणारे हाल होते. फुंक्याचे नाव घेऊन त्यांनी आत्मचरित्रात आपली किळस नोंदवली आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात फुंका, आणि दुधासाठी जनावराच्या प्रकृतीला घातक सुई टोचणे, दोन्ही गुन्हे ठरले.

औषधाला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून हेच ऑक्सिटोसिन असंख्य आयांचे प्राण वाचवते. गोठ्यातला गैरवापर थांबवायला केंद्र सरकारने २०१८ साली खाजगी कारखान्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवायला मनाई केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. औषधाचा तुटवडा पडला तर बाळंतिणींच्या जिवाशी गाठ पडेल, ही त्यातली मोठी चिंता होती.

सुईबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, आणि सुईने रक्तात घातलेले ऑक्सिटोसिन त्यातून आत फारच थोडे शिरते. कास रिकामी होते. वास, चाटणे, मान वळवून पाहणे, यांतले काही त्या सुईतून येत नाही. मामीने पेंढ्याचे रेडकू पुढे केले, तीही फसवणूकच. पण तिने म्हशीच्या नाकाला विचारले होते, आणि पुढे आपल्या हाताची ओळख करून द्यायला पंधरा दिवस दिले होते.

दौंडहून परतताना मी मुद्दाम त्याच वाटेने आलो. वाडा दोन शेते पुढे सरकला होता. संध्याकाळची वेळ, तोच धुळीचा लोट, तोच कालवा. त्या गर्दीत मला ना ती मेंढी ओळखू येईना, ना ते कोकरू. आजीने नुसती हनुवटी उचलून दाखवले. कोकरू कासेला भिडून शेपटी हलवत होते. मेंढीने मान वळवली, हुंगले, आणि निवांत समोर पाहू लागली.

परवा घरी वसुबारसेची तयारी काढली. पाटावरच्या मातीच्या गायीचे वासरू फुटले होते, म्हणून बाजारातून दुसरे आणले. नात कुरकुरली, “आजोबा, हे हिचं वासरू नाहीच. रंग बघा ना, वेगळा आहे.”

मी ते गायीच्या तोंडाशी सरकवले आणि म्हटले, “असू दे गं. पूजा झाली की होईल तिचं.”